तांदळाच्या दाण्याएवढी जागा

रझियाआपा शेख यांच्यावर अन्याय झाला तो दसऱ्याच्या आधीच्या गुरुवारी, सकाळी साडेअकरा वाजता, नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये. पडद्यावर एका तंत्रज्ञान कंपनीचं नवं बोधचिन्ह झळकलं आणि त्याखाली बंगळुरूच्या एका एजन्सीचं नाव आलं. चिन्ह आपांचं होतं. आपा चौथ्या रांगेत बसल्या होत्या, इस्त्रीचा दुपट्टा घेऊन, शेजारी मी. टाळ्या सुरू झाल्या तशा त्यांनीही वाजवल्या... सवयीनं. मग हात थांबले. आपांना जाऊन आता चाळीस दिवस झाले. मी हे रडायला लिहीत नाही. आपा जिंकून गेल्या. कशा, ते सांगायला लिहितेय.

भद्रकालीतल्या एका गल्लीत त्यांचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान. जाळीच्या चौकटीतून शाई ओढायची, एकेक प्रत हातानं काढायची. लग्नपत्रिका, द्राक्षांच्या पेट्या, मोर्च्यांची पत्रकं. माहेर मालेगावचं, घरात सगळे विणकर, त्यामुळे जाळी कशी ताणायची हे आपल्याला लहानपणापासून कळतं, असं त्या सांगायच्या. मी वस्त्यांच्या पाण्या-रस्त्यासाठी पत्रकं काढते, मोर्चे नेते. माझं पहिलं पत्रक टँकरबद्दलचं. ते हातात घेऊन आपा म्हणाल्या, "बेटा, किती ओरडतेस? एका पानावर सात उद्गारचिन्हं. ज्याच्या घरी पाणी नाय त्याला ओरडून काय सांगणार? टँकर कुठल्या वारी आला नाय आणि कोणी पाठवला नाय, तेवढं लिही." मी चिडले. घरी जाऊन तसंच लिहिलं. तिसऱ्या दिवशी टँकर आला. तेव्हापासून माझं एकही पत्रक आपांच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापलं नाही.

त्या कंपनीचं नाव लिहीत नाही, तिच्या वकिलांना उगाच काम नको. द्राक्षबागेत मातीत रोवायची एक काठी ती कंपनी बनवते. काठी ओल मोजते आणि मोबाईलवर कळवते. मालक विंचूरकडचा, बागायतदाराचाच मुलगा, शिकून इंजिनिअर झालेला. काठीच्या पेटीवर चिन्ह छापून घ्यायला तो आला तेव्हा मी दुकानातच होते. एजन्सीनं काढलेल्या त्या चिन्हात थेंब होता, पान होतं, उपग्रह होता आणि वायफायच्या तीन लाटा. आपांनी ते एका रंगात पुठ्ठ्यावर छापलं, समोरच्या भिंतीला चिकटवलं, आणि मालकाला दंडाला धरून गल्लीच्या टोकापर्यंत नेलं. कुठलंही चिन्ह त्या असंच तपासायच्या : सगळ्यात खराब पुठ्ठा, एकच शाई, आणि डोळे अर्धे मिटून.

"काय दिसतं?"

त्यानंही डोळे अर्धे मिटले. "...बटाटावडा," म्हणाला.

"मग साहेब, वड्याचा धंदा करा, चांगला चालतो. यात पान आहे, पाणी आहे, आकाशातलं यंत्रपण आहे. शेतकऱ्यानं कुठं उभं राहायचं?"

तो हसला, हे त्याच्या बाजूनं नमूद करते. आपांनी मग जुन्या पत्रिकेच्या पाठीवर एक आडवी रेघ ओढली आणि रेघेच्या खाली एक थेंब काढला. बस्स. "तुमचं पाणी जमिनीच्या खाली आहे ना? मग वर कशाला दाखवता?" रेघ आणि थेंब यांच्यामध्ये त्यांनी तांदळाच्या दाण्याएवढी जागा सोडली. पुठ्ठ्यावर शाई पसरते, ती पसरायला जागा लागते, हे पस्तीस वर्षं शाईत बोटं बुडवलेल्या माणसालाच कळतं. मालकानं मोबाईलवर त्या कागदाचा फोटो काढला, आपांना वाकून नमस्कार केला आणि गेला.

पुढचं तुम्ही वर वाचलंच. फक्त एक राहिलं. मालकानं तो फोटो एजन्सीला पाठवला होता, आणि ते चिन्ह स्वतःचं म्हणून दाखवताना तिनं ती मधली जागा बुजवून टाकली होती. अधिक सफाईदार दिसतं म्हणे. दुसरीकडून पेट्या छापून आल्या तेव्हा थेंब रेघेला चिकटला, शाई फुगली, आणि निफाडपासून दिंडोरीपर्यंत लोक विचारू लागले, "ते वांग्याचं मशीन कुठं मिळतं?"

मी पेटून पत्रक लिहिलं, दोन्ही बाजूंनी भरलेलं. आपांनी ते वाचलं आणि बाजूला ठेवलं. मग स्वतःच छापायला बसल्या. डावीकडे त्यांचं चिन्ह, उजवीकडे कंपनीचं, आणि खाली एकच ओळ : ही जागा कोणी सोडली होती? कृषी प्रदर्शनात कंपनीच्या स्टॉलसमोर मी ती पत्रकं वाटली. एक म्हातारे बागायतदार पत्रक घेऊन थेट मालकाकडे गेले. "काय रे, कोणी सोडली होती जागा?" एवढंच त्यांनी विचारलं. मालकाची मान खाली गेली ती सगळ्यांनी पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दुकानात हजर. "आपा, चूक झाली. आपण विशेष आभारात तुमचं..."

"आभार नकोत," आपा जाळी पुसत म्हणाल्या. "एजन्सीचं नाव जिथं होतं तिथं माझं लिही. आणि जागा उघड."

त्यानं दोन्ही केलं. नव्या पेट्या आपांच्याच हातानं छापल्या गेल्या. त्यांवर ओळ होती : बोधचिन्ह – रझिया शेख, नाशिक. पहिली पेटी भिंतीपाशी ठेवून आपा गल्लीच्या टोकाला गेल्या, डोळे बारीक केले आणि तिथूनच बोलल्या, "नाव वाचता येत नाय. टाइप वाढव." मालकानं तिथंच लॅपटॉप उघडून टाइप वाढवला. त्या दिवशी गल्लीत सगळ्यांना चहा आपांकडून होता. आज नाशिकच्या कित्येक बागांच्या बांधावर ते नाव पडलेलं असतं, चिखलात, पण वाचता येतं.

गेल्या आठवड्यात त्यांच्या सुनेनं, शबानाभाभीनं, मला बोलावून दुकानातलं लोखंडी कपाट उघडलं. काढलेल्या प्रत्येक चिन्हाची एक प्रत आपांनी जपून ठेवली होती. डेअरीचं, शिवणक्लासचं, पिठाच्या गिरणीचं, दोन शाळांचं, एका तालमीचं. या सगळ्या पाट्या तुम्ही रोज बघता. एकीवरही त्यांचं नाव नाही, कारण कोणी विचारलं नाही आणि त्यांनी मागितलं नाही. पहिल्यांदा मागितलं ते साठीनंतर, आणि मिळवलं.

उरलेलं आता तुमच्याकडून हवं आहे. दुकान सकाळी दहाला उघडतं. या, प्रती बघा, आपली ओळखा. आणि परत जाऊन पाटीवर लिहा, रझिया शेख यांनी काढलं. वाचता येईल एवढ्या टाइपात.