बंद पडणारं इंजिन

दादाची बोट वहिनींच्या नावावर होती. शिडाची, छोटी, आत दोन माणसं आडवी होतील एवढी केबिन. तिला नवीन इंजिन बसवायचं आणि किनाऱ्याकिनाऱ्याने गावी, मालवणला न्यायची, हे मी रिटायर झाल्यावर डोक्यात घेतलं. वहिनी नको म्हणाल्या तर बोट भंगारात जाणार, हे ठरलेलं होतं. त्या नको म्हणाल्या नाहीत. "इंजिन मात्र मी बघणार, भावजी," एवढंच म्हणाल्या.

दादाचं काय झालं ते आधी सांगतो. तो गोराईच्या खाडीबाहेर एकटाच गेला होता. एकटा असला की सुकाणू दोरीने बांधायचा आणि शिडाचं काहीतरी करायला पुढे जायचा. आमच्यात सगळेच करतात, मीही केलंय. संध्याकाळी बोट तिवरांच्या चिखलात घुसलेली सापडली. आत कोणी नव्हतं आणि इंजिन चालू होतं. दादा आजतागायत सापडलेला नाही.

तेव्हापासून इंजिनाचा आवाज आमच्या मानगुटीवर बसलाय. बोरिवलीत आमच्या बिल्डिंगचा जनरेटर सुरू झाला की मी खिडक्या लावून घेतो. वहिनी शेजारच्याच फ्लॅटमध्ये राहतात. त्या भर दुपारी हातातलं काम टाकून गॅलरीत येतात आणि खाली बघून विचारतात, "आले का?" खाली पार्किंग असतं, दुसरं काय असणार. मला भीती वाटते, आणि भीती वाटली की माझं डोकं फिरतं.

घाटकोपरच्या एका दुकानात आम्ही इंजिनं बघायला गेलो. माझं गणित साधं होतं. इलेक्ट्रॉनिक भानगड नको, बॅटरी बसली तरी हँडल मारून चालू व्हावं, आणि पार्ट कुठल्याही बंदरात मिळावेत. सेल्समनने तसंच एक दाखवलं. "काका, हे एकदा चालू झालं ना, की बंद पडायचं नावच घेत नाही." मी मनातल्या मनात खूश.

वहिनींनी विचारलं, "चालवणारा पाण्यात पडला तर हे काय करतं?"

त्याने आधी माझ्याकडे बघितलं. "चालत राहतं, मॅडम. डिझेल आहे तोवर."

"मग नको."

माझी सटकली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, कबूल. पण यांचं भलतंच. "वहिनी, आपण भरवशाचं इंजिन घ्यायला आलोय. बंद पडणारं नाही."

"त्यांना पोहता येत होतं, भावजी," त्या हळूच म्हणाल्या. "बोट थांबली असती तर ते आले असते."

मी तिथल्याच स्टुलावर बसलो. इतकी वर्षं मी दादाला बुडतानाच बघत होतो. तो बोटीच्या मागे पोहत असेल, हाका मारत असेल आणि बोट लांब जात असेल, हे मी कधी मनात येऊच दिलं नव्हतं. आता ते डोळ्यांपुढून जात नाही.

शेवटी दुसरं घेतलं. त्याला करंट मिळतोय तोवरच डिझेल पोचतं. त्याच्या स्विचची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला बांधायची, ती ओढली गेली की करंट तुटतो आणि इंजिन बंद. बसवायला आलेल्या मेकॅनिकने सांगून ठेवलं, खाऱ्या हवेत हे कधीतरी मध्येच दगा देईल. वहिनी म्हणाल्या, "शिड आहे की."

पहिल्या दिवशी त्या माझ्यासोबत आल्या. खाडीच्या बाहेर पडलो तसा त्यांनी माझ्या मनगटाची दोरी धरली आणि हिसका दिला. इंजिन थांबलं. बोट थोडी पुढे सरकली आणि जागीच डुलायला लागली. एवढी शांतता मी समुद्रावर कधी ऐकली नव्हती. वहिनी मागे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांनी घरातून मारावी तशी हाक मारली, "अहो..."

मी काही बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर करून मला गप्प केलं. मग आम्ही दोघं ऐकत बसलो.