मोजणीदाराचे दोन लाल चौकोन

डॉन एवारिस्तो लेदेस्मा आयुष्यभर आमच्या सान्तियागो देल एस्तेरो प्रांताच्या भूमापन खात्यात मोजणीदार होते. कुणाचं कुंपण कुणाच्या शेतात किती शिरलंय हे सांगून सांगून त्यांनी निम्म्या जिल्ह्याशी वैर घेतलं होतं. निवृत्त झाल्यावर ते माझ्या इंटरनेटच्या दुकानात यायला लागले आणि सहा महिन्यांत एका कॉम्प्युटरच्या खेळातल्या जमिनीचे मोजणीदार झाले. हे कसं झालं ते मला अजून नीट उमगलेलं नाही. दुकान माझं असलं तरी त्या खेळातलं मला ओ की ठो कळत नाही.

खेळ चालवायचा विल्मार, आमचा दातांचा डॉक्टर. मेक्सिकोपासून स्पेनपर्यंतची हजारभर माणसं त्यात तलवारी घेऊन हिंडायची. भांडण एकच: कुठे एकमेकांना मारायची मुभा आणि कुठे नाही. शेवटी वैतागून विल्मारनं नकाशा डॉन एवारिस्तोंच्या पुढ्यात टाकला. त्यांनी आलेखाचा कागद आणला, मारामारीची जागा लाल पेन्सिलीनं आणि अभयाची हिरव्या पेन्सिलीनं रंगवली, एकेक चौकोन मोजून.

आणि तिथंच त्यांचं डोकं चक्रावलं. जो तो अर्ज करी, आमचं गाव हिरवं करा. हिरवं केलं की आठवड्यात गाव ओस, आणि सगळे शेजारच्या लाल रानात मरायला हजर!

"दोन्या ग्रिसेल्दा, या लोकांना जगायचंय की मरायचंय?" ते नळीनं मातेचा कडू चहा ओढत मला विचारायचे.

"मला काय विचारता? मला तर माझी गिऱ्हाइकंसुद्धा कळत नाहीत."

मग एक दिवस त्यांनी फतवा काढला: दुपारी दोन ते पाच सगळा नकाशा हिरवा. आमच्या गावातल्या खेळणाऱ्यांनी माना डोलावल्या. वामकुक्षीच्या वेळेला आमच्याकडे चोरसुद्धा दार वाजवत नाही. माणूस झोपायला जातो, खेळातलं त्याचं बाहुलं तसंच झाडं तोडत उभं राहतं. अशाला मारणं म्हणजे पापच. विल्मार स्वतः पक्का झोपाळू, त्यानं तिथल्या तिथे होकार दिला.

वर डॉन एवारिस्तोंनी माझ्याकडे दुकानाची किल्ली मागितली. नकाशाचं काम दुपारी शांतपणे होतं म्हणे. दुपारची झोप सोडणारा माणूस! म्हटलं, म्हातारा कामातून गेला.

एका दुपारी चष्मा विसरला म्हणून मी दुकानात परत गेले. डॉन एवारिस्तो कॉम्प्युटरपुढे बसलेले. पडद्यावर तळ्याचा लाकडी धक्का, त्यावर दोन बाहुली गळ टाकून बसलेली. एक म्हातारा, दुसरी चिलखत घातलेली बाई. बाई म्हणजे नोएलिया, त्यांची मुलगी. सहा वर्षं झाली, स्पेनमध्ये वालेन्सियात म्हाताऱ्याकोताऱ्यांची सेवा करते. आमची दुपार म्हणजे तिची संध्याकाळ, काम संपवून घरी आल्याची वेळ. फोनवर बाप-लेकीचं बोलणं तीन मिनिटांचं: हवा कशी, खोकला कसा, ठेवते. इथे निदान शेजारी बसायची.

तेवढ्यात खाली अक्षरं उमटली. "बाबा, हा दोन ते पाचचा नियम कुठल्या गाढवानं केला? मला वेळ मिळतो तेवढाच. मासे धरून धरून वीट आला. मी दुसरा खेळ बघते आता."

"कोण जाणे, पोरी," डॉन एवारिस्तोंनी लिहिलं.

मला राहवलं नाही. "सांगा ना तिला! तिला कुणी मारू नये म्हणून केलंत ना?"

"काय सांगू? ते गाढव मीच?" त्यांचे डोळे भरले होते. "सगळं लाल केलं तर ती रानात लढायला जाणार, हिरवं ठेवलं तर खेळच सोडणार. चाळीस वर्षं हद्दी आखल्या, असली जमीन नाही पाहिली."

संध्याकाळी त्यांनी विल्मारकडून एकच बदल करून घेतला. दुपारचा नकाशा हिरवाच, फक्त धक्क्याच्या टोकाचे दोन चौकोन लाल. जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढेच.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले. "बाबा, इथे लाल झालंय!" नोएलियानं लिहिलं, आणि लिहिता लिहिताच तलवार चालवली. म्हातारा आडवा. स्वतःच्या बापाला?

त्या खेळात मेलेला माणूस नदीपलीकडच्या देवळात उठतो आणि चालत परत येतो. अकरा मिनिटं लागतात. नोएलिया धक्क्यावरून हलली नाही.

"कुठवर आलात?"

"पुलापाशी."

"सावकाश या. ऐका ना, आज माझ्याकडची आजी..." आणि ती लिहीत सुटली. आजीचं, स्वतःच्या गुडघ्याचं, आणि आईच्या मयताला का आली नाही त्याचं. सहा वर्षांत फोनवर हे कधी निघालं नव्हतं. डॉन एवारिस्तो वाचत वाचत चालत होते. पोहोचले, तशी तिनं त्यांना पुन्हा मारलं.

आता रोज तीन-चारदा मरतात. यातलं मला काही कळत नाही. परवा विचारलं, "डॉन एवारिस्तो, लेकीच्या हातून मरताना काही वाटत नाही?"

त्यांनी आलेखाचा कागद माझ्यापुढे सरकवला. "विल्मारला जरा विचारा ना, देऊळ आणखी लांब नेता येईल का?"