हैबतरावांचा ब्लू-रे

अष्टमी गावच्या हैबतरावांना सिनेमे फार आवडतात असं कुणी म्हटलं, तर त्यांना राग यायचा. आवडून घेणं हे गिऱ्हाइकाचं काम. आपण मत देतो, असं ते म्हणत. कारखान्यातली नोकरी वेळेआधी सोडून त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत सीडी भाड्याने द्यायचं दुकान काढलं, आणि प्रत्येक कव्हरावर स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी डकवली. 'हिरो बरा, हिरॉइनला काम नाही.' 'गाणी पळवावीत. बाकीचंही पळवलं तरी चालेल.' 'सहकुटुंब बघू नये. एकट्यानेही नको.' लोक चिठ्ठी वाचून हिरमुसायचे आणि सीडी घेऊन जायचे, कारण दुसरं दुकान पूल ओलांडून रोह्यात होतं.

त्या दुसऱ्या दुकानातल्या हर्षदने डीव्हीडी आणल्या आणि लोक पूल ओलांडू लागले. एका डीव्हीडीत पाच-पाच सिनेमे, शिवाय मतं ऐकावी लागत नाहीत.

"एका तबकडीत पाच पिक्चर? पिक्चर हाय का मिसळ?" हैबतराव म्हणायचे. सीडीच्या दोन डिस्क असतात, मध्ये उठून डिस्क बदलावी लागते, तेवढ्यात माणूस विचार करतो, असंही ते सांगायचे. विचार करायला कुणी येईना, तेव्हा मात्र त्यांची झोप उडाली. आता डीव्हीडी ठेवावी तर हर्षदचं बरोबर होतं असं मान्य करण्यासारखं. म्हणून त्यांनी डीव्हीडीवरून उडीच मारली. मुंबईला जाऊन ब्लू-रेचा प्लेअर आणि एक ब्लू-रे डिस्क घेऊन आले. सिनेमा मुद्दाम सगळ्यांनी पाहिलेला निवडला, म्हणजे फरक कळेल.

रविवारी दुपारी चाळीसेक माणसं खोलीत आणि ओटीवर दाटीवाटीने बसली. मिठागराकडची बायजा आली, आणि हर्षदही आला. समोर हैबतरावांचा पंधरा वर्षांचा, पाठीमागे पोट सुटलेला टीव्ही. त्याखाली जुना सीडी प्लेअर आणि त्यावर नवा ब्लू-रे.

आधी त्यांनी त्याच सिनेमाची सीडी लावली. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला हिरोची आई दारात येऊन "बेटा" म्हणाली आणि तिथेच अडकली. बे-बे-बे. हैबतरावांनी रिमोटने सीडी बंद केली.

"बघितलंत? ही सीडी. आता डोळे पुसून घ्या." टीव्ही झाकत ते लोकांकडे तोंड करून उभे राहिले आणि बायकोला म्हणाले, "शांती, लाव गो नवीन. डिस्क मी आतच ठेवलीय."

मग त्यांनी निळ्या किरणांवर भाषण सुरू केलं. मागे शांतीबाईंनी टीव्हीची वायर नव्या प्लेअरला लावून तो चालू केला. पडद्यावर 'नो डिस्क' आलं. त्यांनी बंद करून पुन्हा लावला. पुन्हा तेच. भाषण संपत आलं होतं. शांतीबाईंनी पदर सावरला, वायर काढून मुकाट्याने पुन्हा सीडी प्लेअरला खुपसली आणि बटण दाबलं.

तोच सिनेमा सुरू झाला. हैबतराव बाजूला झाले.

"बाप रे, पानन् पान दिसतंय," मागून कुणीतरी म्हणालं.

"हिरॉइनच्या साडीचा काठ मघाशी कुठं होता?" दुसरा म्हणाला.

"मला मोतीबिंदू हाय, तरी दिसतंय," बायजा म्हणाली.

हैबतरावांची छाती फुगली. तेवढ्यात आई दारात आली. बे-बे-बे.

हर्षद खाली वाकला, वायर कुठे गेलीय ते त्याने पाहिलं आणि हसत म्हणाला, "काका, ही तर सीडीच चाललीय."

खरं तर इथे सगळं आटोपायला हवं होतं. पण चाळीस माणसांनी नुकतीच तोंड भरून वाहवा केली होती. ती परत कशी घेणार?

"तुला रे काय कळतंय?" बायजा हर्षदवर खेकसली. "तिचा पोरगा घर सोडून चाललाय. आई चाचरणार नाय तर काय करंल?"

"व्हय, भारी ॲक्टिंग," बाकीच्यांनी माना डोलावल्या. हर्षद चप्पल शोधू लागला.

माणसं पांगल्यावर शांतीबाईंनी काय झालं ते सांगितलं.

"मला सांगायचंस," हैबतराव म्हणाले.

"चाळीस माणसांच्या समोर?"

ते जेवले नाहीत. तीन दिवस दुकान बंद राहिलं. लोक बंद दारापाशी येऊन ब्लू-रे मागत होते, हेच त्यांना जास्त लागलं. सीडी बघून फसतात ती माणसं आपली मतंही अशीच ऐकत आली असणार, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदा आला, आणि पुढच्या आयुष्यात त्यांनी तो पुन्हा येऊ दिला नाही.

दुसऱ्याच दिवशी ते बाजारात गेलेले असताना शांतीबाईंनी प्लेअर उघडला होता. डिस्क उपडी ठेवलेली, चकचकीत बाजू वर. नव्याचं सगळं सीडीच्या उलट, असा हैबतरावांचा हिशेब. शांतीबाईंनी ती सरळ केली आणि अख्खा ब्लू-रे एकटीने पाहिला. नवऱ्याला सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून बायजाला मत सांगितलं, "सीडीसारखंच दिसतं गो."

जुन्या टीव्हीवर दुसरं काय दिसणार? पण अष्टमीत ब्लू-रेबद्दलचं एवढं एकच खरं मत ज्या बाईने दिलं, तिचं मत कुणी कधी विचारलं नव्हतं.

आता दुकान नाही. त्या खोलीत नम्रता नावाच्या मुलीचं ब्युटी पार्लर आहे. हैबतरावांचा मोबाईल बटणांचा. शांतीबाई मात्र मोबाईलवर, कानात वायरी घालून, दिवसाला एक सिनेमा संपवतात. हैबतराव जेवताना सहज विचारल्यासारखं विचारतात, "शेवट काय केलाय?" आणि मग पुलापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन, स्वतः पाहिल्याच्या थाटात मत देतात.

गेल्या महिन्यात पेणला भाच्याच्या साखरपुड्यात त्यांनी भर मांडवात सांगितलं, की एका नव्या सिनेमात खून डॉक्टरनेच केलाय, आणि तिथेच दिग्दर्शक चुकला. त्या सिनेमात डॉक्टरच नाही. ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तो पाहिला होता, तरी सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांना हा शेवट सांगणाऱ्या शांतीबाई तेवढ्या बायकांच्या पंगतीत ठसका लागल्यासारखं करून पाणी प्यायल्या.