चित्रातला उजवा खांदा

आमच्या गावचे माजी सरपंच आता शहरात बंगला बांधून राहतात. वाचनाशी कधीच संबंध न आल्यामुळे त्यांना इतिहासाची भारी हौस आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी जुन्या बाजारातून एक चित्र उचललं. कुणा गोऱ्यानं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं, पिवळं पडलेलं. देवळासमोर पालखी, पुढं आरती करणारा भटजी, भोवती गर्दी. सगळ्यांची नाकं विलायती आणि बायकांनी लुगड्याऐवजी चादरी गुंडाळलेल्या. देऊळ कुठलं हे खाली लिहिलेलं नव्हतं. सरपंचांनी ते आमच्याच गावचं ठरवून टाकलं.

इथवर हसून सोडून दिलं असतं. पण वेरूळच्या बाजूच्या आमच्या गावात जत्रेच्या पालखीला पुढून उजवा खांदा द्यायचा मान आमच्या घराचा आहे. दादा, म्हणजे माझे वडील, तो देतात. वर्षभर त्यांना कुणी विचारत नाही; त्या एका दिवशी अख्खं गाव त्यांच्यासाठी थांबतं. चित्रात पालखीच्या उजव्या अंगाला मोठ्या पागोट्याचा एक मिशाळ गडी होता. सरपंच म्हणाले, हे आमचे पणजोबा, तेव्हा मान आमचा. पुरावा काय, तर मिशा.

जत्रेआधी देवळात बैठक बसली. काचेतलं चित्र पाटावर मांडलं होतं आणि येणारा जाणारा त्याला कुंकू लावत होता. ज्यांना स्वतःच्या आज्याचं नाव धड सांगता येत नाही, ती मंडळी सरपंचांच्या पणजोबाला ओळखत होती. दादा कोपऱ्यात टोपी मांडीवर ठेवून बसले होते. मला त्या सगळ्या लाळघोट्यांची शिसारी आली.

मी चित्र जवळ ओढून बघितलं. भटजी डाव्या हातानं आरती ओवाळत होता. जानवं उजव्या खांद्यावर, श्राद्धाला घेतात तसं.

"देवाची आरती चाललीय का देवाचं श्राद्ध?" मी विचारलं.

मग समजावून सांगितलं. समोरचं जसंच्या तसं पत्र्यावर कोरलं की कागदावर उलटं उमटतं; रबरी शिक्क्याचं असतं तसंच. म्हणजे हे मिशाळ बुवा खरे डावीकडचे. गावच्या भटजींनी चष्मा लावून जानवं तपासलं आणि मान डोलावली. सरपंचांनी चित्र पिशवीत घातलं आणि शहरात काम निघालं म्हणून उठले. दादांचा खांदा वाचला.

जत्रा झाल्यावर दादा मला म्हणाले, चित्राचा फोटो काढला होतास ना, तो सुलटा करून मोठा छापून आण. मी आणून दिला. आता उजव्या अंगाला आलेल्या माणसावर त्यांनी बोट ठेवलं. खप्पड गालांचा, बोडका, कुणीही असावा असा इसम.

"ह्यो आपला पणजोबा. खांदा बघ कसा दिलाय."

"दादा, हे गाव तरी आपलं आहे का?"

"तुला लई कळतं, व्हय?"

तो इसम आता आमच्या बैठकीत लाकडी चौकटीत असतो. पाव्हणे आले की दादा त्याच्या आणि माझ्या गालांची ठेवण कशी एकच आहे ते दाखवतात, आणि मी गाल पुढं करून उभा राहतो.