वाचून दाखवायला लावणाऱ्या सिस्टर

श्रीमती वत्सला पेडणेकर यांना आम्ही सगळे ‘सिस्टर’ म्हणतो. सरकारी रुग्णालयातून मेट्रन म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली, पण तो शब्द काही त्यांना सोडत नाही. त्यांच्या पंच्याहत्तरीच्या या अंकात मी लिहावं असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं आणि मग घाबरले. कारण सिस्टर हे वाचणार, आणि हातात पेन घेऊन वाचणार.

आमची ओळख झाली ती त्यांनी मला गप्प केलं तेव्हा. हाटकेश भागात स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणाऱ्या कारखान्याच्या वर आमचा गाळा आहे. तिथे आम्ही सहा जण एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी एक मदतनीस बनवतोय. माणूस नव्हे, कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा. तो फोनवर मराठी-हिंदीत गप्पा मारतो, तुम्ही सांगितलेलं लक्षात ठेवतो आणि सांगाल ती कामं करतो. रिक्षा बोलावतो, डॉक्टरांची वेळ घेतो, केमिस्टकडे यादी पाठवतो. चाचणीला माणसं हवीत म्हणून आम्ही जवळच्या पूनम सागर वसाहतीतल्या सोसायट्यांमध्ये कागद लावले होते. सगळ्यात आधी आल्या त्या सिस्टर. अर्धा तास त्या मदतनीसाशी छान बोलल्या आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “आता याने माझ्याबद्दल काय काय लिहून घेतलंय ते मला वाचून दाखवा.”

असं कोणी विचारेल हे आमच्या डोक्यातच नव्हतं. मी पडद्यावरून वाचायला लागले. पाचव्या ओळीपर्यंत सिस्टरांनी तीन चुका काढल्या. बहिणीचा दमा त्यांच्या नावावर चढला होता. मी म्हटलं, अजून सुधारणा चालू आहेत. त्या म्हणाल्या, मग मी उद्यापासून येते. विचारलं नाही, सांगितलं! दुसऱ्या दिवशी साडेनऊला डबा घेऊन हजर.

तेव्हापासून आमच्या कामाला जी रंगत आली ती काय सांगू. वॉर्डात चाळीस वर्षं जे केलं ते त्यांनी आमच्या यंत्राला शिकवायला घेतलं. सुई टोचण्याआधी पेशंटला सांगायचं, ही त्यांची सवय. आमचा मदतनीस मात्र उत्साही. एका आजोबांनी गप्पांच्या ओघात ‘बँकेत जायला हवं एकदा’ म्हटलं, तर याने थेट तिकडे लांब वरसाव्याहून रिक्षा बोलावली. आजोबा आंघोळीला आणि खाली रिक्षावाला हॉर्न वाजवतोय. आम्ही हसून लोटपोट. सिस्टर हसल्या नाहीत. त्या दिवसापासून कुठल्याही कामाला हात घालण्याआधी ‘मी आता हे करणार आहे, करू का?’ असं विचारणं मदतनीसाला बंधनकारक झालं.

दुसरी त्यांची गोष्ट म्हणजे ओव्हर. ड्यूटी बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला प्रत्येक खाटेपाशी उभी राहून पेशंटची माहिती देते, त्याला ओव्हर देणं म्हणतात. सिस्टरांच्या वॉर्डात तो पेशंटला ऐकू जाईल असाच द्यायचा. चुकलं तर पेशंट स्वतःच म्हणतो, अहो, असं नाही. म्हणून दर बुधवारी सिस्टर पाळीपाळीने काही जणांना स्वतः फोन लावायच्या आणि मदतनीसाकडे ज्याची जी नोंद आहे ती त्याला वाचून दाखवायच्या. मला याचा मनापासून कंटाळा होता. एवढं प्रगत काम करायचं आणि वर बाईंनी वही घेऊन फोन करत बसायचं? माझा स्वभाव तापट. एका बैठकीत मी सगळ्यांदेखत म्हणाले की सिस्टर, हा तुमचा वॉर्ड नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, “बुधवार होऊ दे, मग बोलू.” पुढच्या सोमवारी औषधं संपत आली की आपणहून मागवण्याची सोय आम्ही सर्वांना देणार होतो. माझा जीव त्यात अडकला होता.

त्या बुधवारी सिस्टरांनी हिराबाईंना फोन लावला. हिराबाई समुद्राकाठच्या कोळीवाड्यात राहतात, मुलगा बोटीवर असला की एकट्याच. त्यांच्या हृदयात झडप बसवलेली आहे आणि रक्त पातळ ठेवायची गोळी त्यांना जन्मभराची आहे. सिस्टर वाचत होत्या, “रक्त पातळ ठेवायची गोळी, बंद.” वाचता वाचता त्या थांबल्या. विचारलं, कोणी बंद केली? पलीकडून हिराबाई निवांत म्हणाल्या, “दात काढाचा होता ना, पाच दिस थांबव बोललेला डाक्टर. मंग तुमच्या मशीननं काय आठवण केली न्हाय.”

तो अकरावा दिवस होता.

सिस्टरांचा आवाज जराही चढला नाही. त्यांनी हिराबाईंना, बसून राहा, मी येतेय, एवढंच सांगितलं. डॉक्टरांना फोन केला, माझा हात धरला आणि आम्ही निघालो. रिक्षात मी फोनवर हिराबाईंचं मदतनीसाशी झालेलं मूळ बोलणं उघडून वाचलं. ती चूक माझी होती हे मला निघतानाच कळलं होतं. नोंदी आटोपशीर असाव्यात असा नियम मीच घातला होता. हिराबाईंनी ‘पाच दिवस’ स्पष्ट सांगितलं होतं, मदतनीसाने ते ऐकलंही होतं, आणि माझ्या नियमाप्रमाणे आटोपशीर करताना ते दोन शब्द गाळले होते. सोमवार उजाडला असता तर आपणहून औषधं मागवणाऱ्या त्या सोयीने ही गोळी यादीतूनच काढली असती.

हिराबाईंची रक्ततपासणी झाली, डॉक्टरांनी गोळी त्याच दिवशी सुरू केली आणि आणखी उशीर परवडला नसता असं आम्हाला स्पष्ट सुनावलं. दवाखान्याबाहेरच्या बाकावर मी रडले. सिस्टरांनी ओरडावं असं मला वाटत होतं. त्यांनी हिराबाईंनी दिलेली सुकटीची पुडी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, “अश्विनी, चूक सगळ्यांकडून होते. ती पेशंटच्या आधी आपल्याला कळली पाहिजे, एवढंच काम असतं आपलं.”

सोमवारचा बेत मीच रद्द केला. मग पुढचे तीन महिने आम्ही जे काम केलं त्याची आठवण आली तरी मला आजही उत्साहाने बसवत नाही. आता कोणतीही गोष्ट थांबली की मदतनीस ‘किती दिवस?’ हे विचारल्याशिवाय पुढे जात नाही. जुनी नोंद पुसत नाही. केसपेपरवर मारतात तशी तिच्यावर एकच रेघ मारतो, खालचं वाचता येतं, आणि कोणी कधी सांगितलं तेही शेजारी असतं. आणि दर बुधवारी तो स्वतः फोन करून प्रत्येकाला त्याचं पान वाचून दाखवतो. लोकांना हे इतकं आवडलंय की विचारू नका. यंत्राच्या चुका काढायला कोणाला आवडत नाही? हिराबाई तर त्याला असं झाडतात की आम्ही कामं टाकून ऐकत बसतो.

फक्त सिस्टर स्वतः त्या पहिल्या दिवसानंतर कधी त्याच्या यादीत आल्या नाहीत. मला काय झालंय, असं म्हणून उडवून लावायच्या. गेल्या महिन्यात पंच्याहत्तरीची भेट म्हणून आम्ही हट्टच धरला, तेव्हा कुरकुरत फोन हातात घेतला. मदतनीसाने विचारलं, तुमचं काय लक्षात ठेवू? सिस्टर म्हणाल्या, हिराबाईंची रक्ततपासणी पुढच्या आठवड्यात आहे, ते ठेव. तो म्हणाला, “दुसऱ्यांचं तुमच्या पानावर लिहिता येत नाही. तुमचं सांगा.” एकाच्या कागदावर दुसऱ्याचं लिहायचं नाही, हा नियमही सिस्टरांनीच घालून दिलेला. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. मी उगाच खिडकीबाहेर बघत होते.

“सकाळी उठताना चक्कर येते,” त्या हळूच म्हणाल्या. “चार महिने झाले. कोणाला सांगितलं नाही.”

हे कोणाला कळवू का, असं त्याने विचारलं. सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “हिला कळव.”

हे छापायची परवानगी त्यांनीच दिली आहे, तीही माझी दोन वाक्यं खोडून. चक्कर येण्याचं कारण सापडलं, रक्तदाबाची गोळी कमी करावी लागली, आता त्या बऱ्या आहेत. सिस्टर, तुम्ही आमच्या किती माणसांना जपलंत ते आम्हाला ठाऊक आहे, आणि तुम्हाला जपण्याचं काम तुम्ही कोणालाच दिलं नव्हतं हेही आता ठाऊक झालंय. ते काम आम्ही घेतलं आहे. तुम्हाला उदंड, ठणठणीत आयुष्य लाभो. आणि कुठे काही दुखलं-खुपलं, तर चार महिने थांबू नका, पहिल्याच दिवशी सांगा.