नानांच्या ‘अमेरिके’तली एकटी टेबलं

एकट्यानं जेवणाऱ्या माणसाजवळ किस्से फार साठतात. बोलायला कुणी नसतं, मग कान उघडे राहतात. बँकेनं माझी बदली साताऱ्याला केली तेव्हा बायकोची शाळा सांगलीत होती, मुलगी तिच्याजवळ. मी रविवारपुरता नवरा. बाकी सहा दिवस संध्याकाळी नानांकडे जेवायचो.

नाना अकरा वर्षं अमेरिकेतल्या एका हॉटेलात कुक होते. परत येऊन त्यांनी आमच्या गल्लीत ‘अमेरिकन रेस्टॉरंट’ काढलं. टेबलं सहाच. गल्लीतली माणसं त्याला नुसतं ‘अमेरिका’ म्हणायची.

शेजारच्या टेबलावर रिटायर्ड सुभेदार बसायचे. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. पहिल्या दिवशी नानांनी त्यांच्यापुढं खिम्याचा बर्गर ठेवला. सुभेदारांनी वरचा पाव उचलून बघितला आणि शांतपणे म्हणाले, “नाना, मला ताप न्हाई आलेला. भाकरी हाय का?”

तेव्हापासून त्यांचा बर्गर भाकरीवर यायचा. मेनूकार्डात नव्हता, पण सगळ्यात जास्त खपायचा तोच.

नानांना तिकडची एक सवय होती. जेवण अर्ध्यावर आलं की टेबलाशी येऊन विचारायचे, “सगळं ठीक आहे ना?” एकदा मी सांगत सुटलो. मुलीला गोवर आलाय, रजा मिळत नाही, फोनवर ती माझ्याशी बोललीच नाही. नानांनी खांद्यावर फडकं टाकून सगळं ऐकून घेतलं. मग जरा अवघडून म्हणाले, “आणि सँडविच?”

एका संध्याकाळी नानांनी माझं आणि सुभेदारांचं टेबल जोडून ठेवलं. आम्ही समोरासमोर बसलो. सुभेदार पहिल्यांदाच भरभरून बोलले, बायकोच्या हातच्या आमटीपर्यंत. हात धुतल्यावर नानांना म्हणाले, “उद्यापासनं टेबल लांबच ठेवा. असं बोलून गेलं की घर लय मोठं वाटतंय.”

दुसऱ्या दिवशी टेबलं पुन्हा लांब होती.

एकदा शनिवारी, बँक अर्धा दिवस म्हणून मी दुपारीच गेलो होतो. कराडकडच्या एका गावातून एक बाई एसटीनं आल्या होत्या. नऊवारी, हातात पिशवी. मुलगा इंजिनिअर होऊन वर्षापूर्वी अमेरिकेला गेलेला. मेनूकार्ड न बघता त्या म्हणाल्या, “माजं पोरगं तितं एकटं ऱ्हातंय. त्ये रोज जे खात आसंल, त्येच द्या.”

नानांनी मेनूकार्ड उचलून बाजूला ठेवलं. मग आत जाऊन त्यांनी कार्डात नसलेलंच काहीतरी आणलं. थंड पावाचे दोन तुकडे, मधे उकडलेलं अंडं.

बाईंनी सावकाश चार घास खाल्ले. पाणी प्यायल्या.

“पोटभर जेवतोय म्हणून लिवतंय पत्रात. खोटं बोलतंय.”

“तसं न्हाई आक्का,” नाना म्हणाले, “सवय झाली की बरं लागतं.”

बाईंनी त्यांच्याकडं नीट बघितलं.

“तुमी काय लिवत हुता आईला?”

नानांनी ताटली उचलली आणि ते आत गेले. ताटलीत अजून अर्धा पाव होता.