खाटेएवढी वाट

तापीचं पाणी झोपडपट्टीत शिरलं, तेव्हा आमच्या शाळेच्या हॉलमध्ये माणसं आणून ठेवली होती. मास्तर म्हणून देखरेख माझ्याकडे होती. त्यात कापड विणायच्या लूमवर काम करणारा एक खान्देशी माणूस होता, पन्नाशीचा. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

आल्या आल्या त्याने माझ्याकडून खडू घेतला. शिपायाची खाट दोघांना धरायला लावली आणि दारापासून शेवटच्या भिंतीपर्यंत तिच्या रुंदीएवढं अंतर सोडून दोन रेषा मारल्या. मध्ये कुणी गाठोडं ठेवलं की हात जोडून ते बाजूला करायला लावायचा. लोक कुरकुरू लागले. मीही म्हणालो, "भाऊ, इथे बसायला जागा नाही आणि तुम्ही वाट कसली सोडता?"

तो हळूच म्हणाला, "सर, मागच्या पुरात माझी बायको अशाच हॉलमध्ये त्या टोकाला होती. पोटुशी होती, कळा सुरू झाल्या. आम्ही उचलली, पण पाय ठेवायला जागा नव्हती. लोक वाईट नव्हते, सर. सगळे उठून सरकत होते. पण वाट नव्हती. दारापर्यंत येईतो ती गेली."

मी रेषांच्या आत आलेलं एक गाठोडं उचलून बाजूला ठेवलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी कोपऱ्यातल्या एका म्हातारीला दम लागला. चौघांनी तिला खाटेवर घालून सरळ बाहेर, दवाखान्यात न्यायला उभ्या असलेल्या जीपपर्यंत नेलं. ती वाचली.

"किती वेळ लागला, सर?" त्याने विचारलं.

"मिनिटभरसुद्धा नाही," मी आनंदाने सांगितलं.

तो मटकन खाली बसला आणि गुडघ्यांत तोंड घालून रडू लागला.